आयर्विनला ४५ फूट, म्हणजे माझ्या दारात किती?

गावभागची
पावसाळा सुरू झाला की सांगलीत सगळ्यांच्या मोबाईलवर दोन आकडे फिरायला लागतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. उपग्रहाचं चित्र दिसतं, तासातासाचा पाऊस दिसतो, धरणात किती टक्के पाणी आहे तेही दिसतं. पण आमच्या गल्लीतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "मग मी गहू-ज्वारी माळ्यावर कधी टाकू?" तर त्याचं उत्तर यातल्या एकाही आकड्यात नाही.

माझं म्हणणं असं की गेल्या वीस वर्षांत आपल्याकडे मोजमाप प्रचंड वाढलं, पण ते माणसाच्या निर्णयापर्यंत पोचत नाही तोवर काम अर्धंच झालंय. हे फक्त पुराबद्दल नाही. शेतातले सेन्सर, छतावरचं सोलर, हवामानाचे अंदाज, सगळ्यांबद्दल विचारतेय. तुमच्या घरात, रानात, गावात अशा कुठल्या गोष्टीमुळे तुमचा एखादा निर्णय खरंच बदलला? सातारा-सांगलीकरांनी जरा सविस्तर लिहा.

कराडवरून
मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. टीएमसी आणि क्युसेक हे शब्द रोज ऐकूनही त्यांचं प्रमाण डोळ्यासमोर येत नाही, म्हणून आधी थोडं गणित. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

कोयनेचं पाणलोट क्षेत्र साधारण ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं पाणी धरणात आलं असं धरलं, तर ते सव्वातीन टीएमसीच्या आत भरतं. दिवसाला ३०० मिलिमीटर पडला तर नऊ टीएमसीच्या पुढे. आता उलट बाजू बघा. १ लाख क्युसेक सलग २४ तास सोडलं तर ८.६४ टीएमसी बाहेर पडतं. म्हणजे अतिवृष्टीच्या एका दिवसात जेवढं आत येतं तेवढं त्याच दिवशी बाहेर काढायचं तर लाखभर क्युसेक सोडावे लागतात, आणि तेवढं सोडलं की खाली तुम्ही आहात. धरण १०५ टीएमसीचं आहे, पण जुलैअखेर ते बरंच भरलेलं असतं. वर वीज आणि उन्हाळ्यातली शेती धरणाच्याच पाण्यावर चालते, त्यामुळे ते रिकामंही ठेवता येत नाही.

म्हणून सगळा खेळ अंदाजावर येतो. तीन दिवस आधी पक्का अंदाज मिळाला तर आधीच हळूहळू सोडून जागा करता येते. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. मोठा पाऊस येणार हे सांगता येत होतं. तो नेमका कोणत्या खोऱ्यात आणि किती, हे सांगणं आजही अवघड आहे. सह्याद्रीच्या धारेपासून वीस किलोमीटर पूर्वेला सरकलात तर पाऊस निम्म्याहून कमी होतो.

अजून एक. सांगलीचा पूर एकट्या कोयनेचा नसतो. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आहेत, आणि धरणांच्या खाली पडणारा पाऊस आहे, ज्याला कुठलाच दरवाजा नाही. तो थेट नदीत येतो. वारणा तुमच्या खाली हरिपूरला मिळते, ती फुगली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही.

मिरजेची_मास्तरीण
कराडवरून, हे गणित मी उद्या नववीच्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे. घनफूट आणि लिटर शिकवायला याहून जवळचं उदाहरण सापडायचं नाही.

रोखठोक_सांगलीकर
गणित ठीक आहे, पण मूळ दुखणं कर्नाटकातलं आलमट्टी धरण आहे. खाली पाणी अडवलं की वर तुंबणारच. त्यात आता उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायची म्हणतात. हे थांबवल्याशिवाय तुमचे सेन्सर आणि अॅप काय कामाचे?

कराडवरून
रोखठोक, उंची वाढवायला विरोध असणं मला समजतं. पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये त्याला मान्यता दिल्यापासून हा प्रश्न लोंबकळतोय, आणि फुगवट्याचा अभ्यास नीट झाल्याशिवाय कुणी हो म्हणू नये. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी, पूररेषेतली बांधकामं आणि नदीपात्रातले अडथळे यांवर बोट ठेवलं होतं. आलमट्टी हेच २०१९ चं कारण असं समितीने म्हटलं नाही. यावर वाद आहेत, पुढेही होतील. मात्र दोन्ही राज्यं दर तासाला एकमेकांना पाणीपातळी आणि विसर्ग कळवत राहतात तेव्हा निर्णय लवकर होतात, एवढं मी नोकरीत पाहिलंय.

रोखठोक_सांगलीकर
पूररेषेतल्या बांधकामांबद्दल शंभर टक्के मान्य. ओढे बुजवून प्लॉट पडले ते आपल्या डोळ्यांदेखत. आलमट्टीवर मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

बागायतदार_तासगाव
पुराचं आमाला फारसं न्हाई, आमचा वैरी वरून पडतो. द्राक्षाबद्दल लिहितो, कारण ताईंनी निर्णय बदलला का असं विचारलंय आणि हितं तो खरंच बदललाय.

ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात यायच्या टायमाला पाऊस झाला की डाऊनी आणि गळकुज. पूर्वी कसं होतं, शेजाऱ्याचा ब्लोअर सुरू झाला की आपला बी सुरू. कुणीबी विचारत न्हवतं की फवारणीची गरज हाय का. आता आमच्या पाच-सहा जणांत मिळून बागेत एक हवामान केंद्र बसवलंय. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं हे ते मोजतं. हे पान ओलं असण्याचं लई महत्त्वाचं बघा. डाऊनीच्या बुरशीला पानावर पाणी लागतं, पान लवकर वाळलं तर तिला आत शिरता येत न्हाई. त्यामुळं रात्री दव पडून सकाळी उशिरापर्यंत पान ओलं राहिलं तर मेसेज येतो, न्हाई तर आम्ही शांत बसतो. फवारण्या कमी झाल्या. त्याचा फायदा औषधाच्या बिलापुरता न्हाई. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर कंटेनर परत येतो, ती धास्ती कमी झाली.

पण त्यो सेन्सर गारपीट थांबवत न्हाई. प्लास्टिकचं आच्छादन हाय त्याला, पण एकराचा खर्च ऐकला तर लहान शेतकरी तिथंच उठून जातो. आणि बेदाणा रॅकवर वाळत घातला असताना मार्च-एप्रिलात पाऊस आला की माल काळा पडतो. सोसायटीचं कर्ज मात्र काळं-गोरं बघत न्हाई.

पेठेतला_पाहुणा
बागायतदार, तुमच्या सेन्सरवर माझा विश्वास बसायला थोडा हिरवा बेदाणा पाठवावा लागेल. पुण्यात मिळतो त्याला ती चव नाही.

बागायतदार_तासगाव
या की तासगावात सौद्याला. ओंजळभर फुकट, पोतं पैशानं.

माणदेशी
वरचं सगळं वाचलं. सांगली जिल्ह्याच्या धाग्यावर आटपाडी, जत, कवठेमहांकाळ पहिल्या दहा प्रतिसादांत येत नाहीत याचं आता नवल वाटत नाही, पण वाईट वाटतं. ज्या आठवड्यात तुमच्याकडे होड्या फिरतात त्या आठवड्यात आमच्याकडे टँकरची मागणी चालू असते, असं अनेक वर्षं घडलंय. साताऱ्यातही तेच. महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच जिल्ह्यात आहेत.

माझ्या मते आमच्या भागात बदल घडवणारं सर्वांत मोठं तंत्रज्ञान म्हणजे पंप आणि पाईप. टेंभूला कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचं. लहानपणी पाहिलेली उजाड रानं आज डाळिंबानं हिरवी झालीत. पण हे पाणी फक्त अभियंत्यांनी आणलं असं कुणी म्हणू नये. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा घ्यायला सुरुवात केली, भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते त्यात होते, बाया-माणसं भाकरी बांधून यायची. मागणी नुसती पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. त्याच्याही आधी येरळेवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू विकून स्वतःचं बळीराजा धरण बांधलं आणि पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता माणसांच्या हिशोबाने वाटायचं ठरवलं. शास्त्र तेच, सिमेंट तेच. फरक पडला तो वाटणीच्या नियमाने.

म्हणून आता सौर पंप आले तेव्हा मला आनंदाबरोबर काळजीही वाटते. दिवसा पाणी पाजता येतं हे मोठं सुख आहे. रात्री दोनच्या लाइटीला बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने दारं धरली त्यालाच ते कळेल. पण ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालू राहिला तर बोअर आणखी खाली जाणार. वीजबिल हा एक लगाम होता, तो निघाला. त्याच्या जागी गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला हवीत. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं २०१६ मध्ये पहिला वॉटर कप जिंकला तेव्हा श्रमदानाचे फोटो सगळीकडे गेले. त्यानंतर पाणी वापरायचं कसं, यावर गावोगाव तेवढी चर्चा झाली नाही.

वाळवेकर
माणदेशी, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून आमच्या बाजूचं सांगतो. आम्हाला पाणी कमी नव्हतं, जास्त झालं. नदीवरून उपसा योजना झाल्या, पाटानं ऊस भिजवत गेलो, निचऱ्याचा विचार कुणी केला नाही. काळ्या जमिनीत खालचं पाणी वर येत गेलं आणि क्षार वर आणून ठेवले. वाळवा, पलूस, मिरज भागात रस्त्याच्या कडेला पांढरी पडलेली, बाभळी माजलेली रानं दिसतात ती हीच क्षारपड.

त्यावर इलाज आहे. जमिनीखाली ठराविक अंतरावर सच्छिद्र पाईप घालायचे, पाणी त्यातून मुख्य पाईपला आणि तिथून ओढ्याला काढायचं. आमच्या शिवारात हे झालं आणि ज्या रानात गवत उगवत नव्हतं तिथं पुन्हा ऊस उभा राहिला. मात्र हे एकट्यानं होत नाही. माझ्या रानातलं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानातूनच ओढ्याला जाणार. त्यानं पाईप न्यायला नाही म्हटलं की संपलं. सगळ्यात जास्त वेळ खोदाईला नाही, बैठकांना लागला.

आणि ठिबक. पाटपाण्यावर ऊस पोसायची सवय आहे तोवर आपण पाईप घालत राहणार आणि वरून पाणी ओतत राहणार. बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला, आता आमच्याकडचे कारखानेही त्याबद्दल बोलतायत. त्यातून आणखी काही न मिळता फक्त "आज पाणी नको" एवढं जरी शेतकऱ्याला पटलं तरी जमीन वाचेल.

डोंगरपलीकडे
पाटण तालुक्यातून. आमच्या मान्याचीवाडीचं नाव इथे अजून कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. राज्यातलं पहिलं सौरग्राम, २०२४. घरांवर पॅनेल, गावाची वीज गावात. लहान वाडी आहे, आधीपासून स्वच्छतेत आणि एकीत पुढे होती. पॅनेल कुठेही बसतात, ग्रामसभेला सगळं गाव येणं सगळीकडे होत नाही.

पण याच तालुक्यात वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पवनचक्क्या उभ्या आहेत, तिकडे साताऱ्याजवळ चाळकेवाडीला आहेत. स्वच्छ वीज म्हणून मला त्यांचा अभिमान आहे. तरी सांगितलं पाहिजे की सड्यावरच्या जमिनी लोकांनी तेव्हा मातीमोल भावानं दिल्या, कारण तिथल्या वाऱ्याची किंमत त्यांना कुणी सांगितली नव्हती. वारा मोजणारे मनोरे आधी उभे राहिले, व्यवहार नंतर झाले. मोजलेलं ज्याच्या हातात होतं तो शहाणा ठरला. धागाकर्तीच्या मुद्द्याची ही दुसरी बाजू आहे.

आणि २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. डोंगर खाली आला. पाऊस किती पडला हे नंतर सगळ्यांना कळलं. डोंगराला भेगा पडल्यात, झऱ्याचं पाणी गढूळ झालंय, ही चिन्हं ओळखायला गावात चार माणसं शिकवून ठेवणं, हे आमच्याकडे कुठल्याही अॅपच्या आधी व्हायला हवं.

गावभागची
डोंगरपलीकडे, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मोजलेलं कुणाच्या हातात" हा प्रश्न मी मांडला त्यापेक्षा मोठा आहे.

मिरजेची_मास्तरीण
आभाळातल्या विजेबद्दल एक भर. शाळेत आम्ही पालकांच्या मोबाईलवर दामिनी अॅप घालून दिलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर आधी सूचना देतं. वळवाच्या दिवसांत रानात कामाला जाणाऱ्या बायका आता ते बघतात. झाडाखाली थांबायचं नाही हे शाळेत वर्षानुवर्षं सांगत होतो. मोबाईल वाजतो तेव्हा ते मनावर घेतलं जातं.

थोडं अवांतर: आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठीचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. भोपळा वेलावर पक्व होऊन नीट वाळावा लागतो, अवकाळीत भिजला तर त्याचा तंबोरा होत नाही. हवामान बदल म्हटलं की आपल्याला ऊस आणि द्राक्ष आठवतं, पण तो तारा जुळवणाऱ्याच्या दुकानातही पोचलाय.

हरिपूरचा
अवांतर चाललंच आहे तर आमची पेवं. जमिनीत खणलेल्या पेवांत हळद ठेवायची पद्धत. आत हवा खेळत नाही, कीड लागत नाही, वीज लागत नाही. शीतगृहाच्या कितीतरी आधीचं शास्त्र. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं हळदीसकट गेली. ती परत उभी राहिली नाहीत.

आता मूळ प्रश्नावर येतो. २०१९ ला लोक अडकले ते आकडे नव्हते म्हणून नाही. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, बहुतेकांनी तीच खूण धरली. "तेव्हा आपल्या पायरीला लागलं होतं, यंदाही तेवढंच येईल." पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चार फूट म्हणजे उंबऱ्यापासून माणसाच्या छातीपर्यंत. ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली ती त्याच पुरात. जुनी खूण ही मोठी ठेव आहे, पण पाऊसच बदललाय तर ती कमाल मर्यादा म्हणून धरता येत नाही.

कराडवरून
हरिपूरकरांनी अगदी नेमकं सांगितलं. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. उष्णदेशीय हवामान संस्थेच्याच रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आजोबांच्या अनुभवाच्या वर आता थोडी जागा सोडावी लागणार.

आता "माझ्या दारात किती" याबद्दल. हे काढता येतं, आणि फार खर्च नाही. फक्त एक चूक टाळा. आयर्विनची पातळी आणि तुमच्या दाराची उंची यांची सरळ वजाबाकी करू नका. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो, आणि शहरात ते नदीकाठावरून येण्याआधी शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून उलटं शिरतं. म्हणून आधी खुणा गोळा करा. २००५, २०१९, २०२१, ज्या भिंतीवर जी रेघ आहे ती. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून त्या खुणांची उंची काढा. त्या वर्षी आयर्विनला किती होतं ते नोंदलेलं आहे. दोन्ही जुळवलं की प्रत्येक गल्लीसाठी एक ओळ तयार होते: आयर्विनला इतके फूट झाले की या चौकात पाणी येतं.

गावभागची
हेच हवं होतं. आमच्याकडे अभियांत्रिकी शिकणारी मुलं आहेत, लेव्हल मिळेल. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, गावभाग, हरिपूर रोड इथल्या खुणा ज्यांच्या घरी आहेत त्यांनी कृपा करून यंदाच्या रंगकामात त्या पुसू नका.

पेठेतला_पाहुणा
विजेच्या खांबांवर रंगवा. मोबाईल बंद पडला तरी खांब दिसतो.

कराडवरून
आणि भिलवडी, ताकारी, बहे इथली पातळीही बघायला शिका. ही ठिकाणं तुमच्या वर आहेत. तिथलं पाणी वाढलं की सामान बांधायला तुम्हाला वेळ मिळतो.

रोखठोक_सांगलीकर
दत्तनगरची २०१९ ची खूण माझ्या मावसभावाच्या जिन्यात आहे. रविवारी मुलांना पाठवा, मी थांबतो.

शामरावनगर_वहिनी
उशिरा आले, पण एक प्रश्न. सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅट बसवायचं चाललंय, ७८ हजार अनुदान आहे. छतावर पॅनेल असलं की पुरात वीज तोडली तरी आमच्या घरात दिवे राहतील ना? बसवणाऱ्यानं हो म्हणून सांगितलंय.

कराडवरून
वहिनी, नाही राहणार. साधा ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेला जोडलेला, इन्व्हर्टर ती वीज गेली की स्वतः बंद होतो, भर उन्हातही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. पुरात दिवे हवे असतील तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल, त्याचा खर्च वेगळा. दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळेल आणि बिल खाली येईल, तेवढ्यासाठी साधंही चांगलंच आहे. पण काहीही घेतलंत तरी इन्व्हर्टर आणि मीटरची पेटी पहिल्या मजल्यावर घ्या. मीटरची जागा बदलायला वीज कंपनीची परवानगी लागते, तो अर्ज आत्ताच द्या.

शामरावनगर_वहिनी
बरं झालं विचारलं. उद्याच त्यांना फोन करते.